प्रथम संपर्क: बाबा

थोरल्याच्या शाळेच्या अर्जात 'तातडीच्या वेळी प्रथम संपर्क' असा एक रकाना होता. त्यात मी माझं नाव आणि नंबर ठळक अक्षरांत लिहिला आणि शेजारच्या मोकळ्या जागेत 'दिवसभर घरीच असतो' अशी पुस्तीही जोडली. बायकोचा नंबर खालच्या ओळीत, 'नोकरी, फोर्ट' या शेऱ्यासह. शाळा डोंबिवली पूर्वेला, आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. फोर्ट तिथून लोकलनं सव्वा तास, तोही गाडी वेळेवर असेल तर.

परवा थोरल्यानं मधल्या सुट्टीत वरणभाताचा डबा अंगावर ओतून घेतला. शाळेतून फोन गेला फोर्टला. बायको मीटिंगमध्ये होती, तिनं तो कापला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी पोटात गोळा येऊन ती बाहेर पळाली, तेव्हा पलीकडून विचारणा झाली, "मॅडम, त्याचा दुसरा शर्ट आणून देता का?" तिनं मला फोन लावला. मी त्या घटकेला धाकटीला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकासमोरच मेथीची जुडी उलटीपालटी करत उभा होतो. फोन करणाऱ्या बाई मला ऑफिसच्या खिडकीतून दिसत होत्या. मी हात केला. त्यांनीही ओळखीचं हसून हात केला आणि पुन्हा फोन कानाला लावला. शर्ट निघाला का, हे बायकोला विचारायला.

शर्ट देताना मी म्हटलं, "मॅडम, पहिला नंबर माझा आहे."

"हो ना सर, बघितला मी," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला त्रास?"

हे जे 'तुम्हाला कशाला त्रास' आहे, त्यावर माझं सध्याचं आयुष्य चाललं आहे. मुलं मी सांभाळतो. पण मुलांविषयीचं बोलणं माझ्या डोक्यावरून त्यांच्या आईकडे जातं आणि तिच्याकडून उलट टपाली माझ्याकडे येतं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'ज्युनिअर केजी मम्मीज'. 'सर्व मम्मींनी उद्या पिवळ्या रंगाची एक वस्तू पाठवावी' हा निरोप रात्री तिला येतो, ती तो मला पाठवते, आणि सकाळी साडेसहाला पिवळी वस्तू मी शोधतो. बऱ्याच रदबदलीनंतर मला त्या ग्रुपात घेतलं. आल्या आल्या पहिला संदेश पडला तो असा: 'लेडीज, जरा जपून हं, आता ग्रुपमध्ये जेंट्स आहेत.' त्या दिवसापासून ग्रुपावर सुप्रभाताखेरीज काही येत नाही. खरं बोलणं जिथं चालतं तो दुसरा ग्रुप निघाला आहे, असं बायको सांगते. तिला त्यात घेतलेलं आहे.

मुलांच्या डॉक्टरबाईंकडे तर याचा कळस होतो. धाकटीचं पोट बिघडलं म्हणून घेऊन गेलो. किती वेळा झाली, रंग कोणता, पातळ का चिकट, सगळं मी वेळेनिशी सांगितलं. शी या विषयात माझा अधिकार आता कुणी नाकारू नये. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, पेन तसंच धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "आईला एकदा विचारून घ्या ना." मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. बायको फोर्टात, फायलींच्या ढिगात. तिनं हळूच मला विचारलं, "किती वेळा झाली रे?" मी म्हटलं, "सकाळपासून चार." ती मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टर, चार वेळा." डॉक्टरबाईंनी मान डोलावून लिहून घेतलं. चार.

ही व्यवस्था आमच्याकडे आली त्यामागे क्रांती वगैरे काही नाही, साधी वजाबाकी आहे. धाकटी झाली तेव्हा बायकोला कायद्यानं सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ साली ती बारावरून सव्वीस झाली, त्याबद्दल संसदेचे आभार. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळ जिथं ठेवाल तिथं असतं. ते ठेवल्या जागेवरून निघायला लागतं नेमकी तेव्हा रजा संपते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात. माझ्या अंधेरीच्या ऑफिसानं मला दोन दिवस दिले आणि तिसऱ्या दिवशी पेढे मागितले. मग एका रविवारी आम्ही कागद घेऊन बसलो. दोन मुलांचं पाळणाघर, पाळणाघराची संध्याकाळी सातनंतरची जादा फी, रिक्षा, पाळणाघरातून घरी येणारी सर्दी आणि तिचे औषधपाणी, हे सगळं माझ्या पगारातून वजा केल्यावर जे उरलं त्यात माझा लोकलचा पास आणि घाटकोपर ते अंधेरी मेट्रोचं भाडं जेमतेम बसत होतं. म्हणजे मी नोकरी करत होतो ती नोकरीला जाता यावं म्हणून. बायकोचा पगार माझ्या दीडपट, शिवाय ती विमा कंपनीत कायम. मी अकाउंट्सचा माणूस. ताळेबंद समोर आल्यावर त्याच्याशी वाद घालायची मला सवय नाही.

हे मला कळलं, बायकोला कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. सांगलीहून माझी आई फोनवर म्हणाली, "बरं, बरं. आणि एवढ्यात काही बघतोयस का?" हा प्रश्न तेव्हापासून थांबलेला नाही. चुलते, मावसभाऊ, ऑफिसातले जुने मित्र, न्हावी, सगळे 'एवढ्यात काही बघतोयस का' विचारतात. घरी बसलेला पुरुष हा दोन नोकऱ्यांच्या मधल्या स्टेशनावर उभा आहे, गाडी आली की चढेल, अशी सगळ्यांची पक्की खात्री. कोरोनानं माझ्या आईवर मात्र एक उपकार करून ठेवला आहे. 'वर्क फ्रॉम होम' हे दोन्ही सुनांपेक्षा तिला जास्त आवडलेलं पाहुणं. सांगलीच्या गल्लीत ती सांगते, "धाकटा ना, तो घरूनच करतो." काय करतो, हे ती सांगत नाही. यात खोटं काहीच नाही, हे तिचं म्हणणं मला मान्य करावं लागतं.

घरात काय करतो, तर मुख्यतः भरवतो.

धाकटीचं जेवण हे आमच्या दिवसाचं मोठं प्रकरण. मऊ भात, त्यावर तूप, मेतकूट, लिंबाचे दोन थेंब. हा भात करायला वीस मिनिटं लागतात. तो तोंडात जायला एक तास. आणि तोंडातून पोटात जायला किती लागतो हे अजून कुणी मोजलेलं नाही, कारण धाकटी घास गिळत नाही, ठेवते. उजव्या गालात. तोंड उघडते ती 'आ' करून, अगदी आज्ञाधारकपणे, घास घेते, दोनदा चावल्यासारखं करते, आणि मग तो घास गालात मुक्कामाला जातो. वरून दुसरा दिला तर तो पहिल्याच्या शेजारी. तिसऱ्याला गालावर बाहेरून फुगवटा दिसायला लागतो आणि ती आपल्याकडे अशा निरागसतेनं बघते की वाटावं फुगवटा आपल्यालाच आलाय. "गिळ बाळा." ती मान हलवते. "गिळलंस?" ती हो म्हणते. हो म्हणताना भाताचं एक शीत ओठावर येतं आणि परत आत जातं. दात घासायच्या वेळी, आंघोळीच्या वेळी, कधी कधी झोपेतही तो घास जागेवर असतो. झोपलेल्या पोरीच्या गालातून, तिला जाग न आणता, करंगळीनं दुपारचा भात काढणं, हे काम मला येतं. कुठल्याही मुलाखतीत हे विचारत नाहीत, ही त्या मुलाखतींची उणीव आहे.

चिऊचा घास, काऊचा घास हा उपाय सगळे सुचवतात. आमच्या खिडकीत चिमण्या येत नाहीत. कावळा पितृपक्षात दिसतो. बारमाही उरलं आहे ते कबुतर. म्हणून आमच्याकडे कबुतराचा घास असतो. अडचण अशी की चिऊ आणि काऊ गोष्टीतले असल्यामुळे घास मागायला येत नसत. कबुतर येतं. एसीच्या डब्यावर बसून मान वाकडी करून वाटच बघतं, आणि धाकटी स्वतःच्या वाट्याचा भात खिडकीच्या जाळीतून त्याला द्यायला बघते. गालातला.

आई फोनवर म्हणते, आम्ही तुम्हाला सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून गुटी दिली, म्हणून तुम्ही जेवत होतात. डॉक्टरबाई म्हणतात, असलं काही देऊ नका. मी आईला 'हो' म्हणतो, डॉक्टरबाईंना 'हो' म्हणतो आणि वरणात तूप थोडं वाढवतो. थोरला या सगळ्याच्या वेळी शाळेतून आलेला असतो आणि त्याला तीच पोळी हवी असते जी आता तव्यावर आहे, गोल नाही म्हणून आधीची नको असते, आणि गोल झाली की तिचा डायनोसॉर करून हवा असतो.

दुपारी अकरा ते चार या वेळात आमची बेल वाजवणारा माणूस दार उघडल्यावर माझ्या खांद्यावरून आत बघतो. "वहिनी आहेत का?" "मॅडम नाहीत?" पाण्याचा फिल्टर विकायला आलेला तरुण तर मला बघून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "मॅडम असतील तेव्हा येतो." या प्रकारानं आमचे बरेच पैसे वाचलेत, म्हणून मी तक्रार करत नाही. पण भांडी घासणाऱ्या मावशींचं काय करावं? त्या फ्रीज उघडतात, पातेलं बाहेर काढतात. "दादा, हे कालचं वरण टाकू का?" "टाका." मावशी पातेलं हातात धरून उभ्याच. "ताईंना एकदा विचारता का?" वरण मी केलेलं. फ्रीजमध्ये मी ठेवलेलं. ताईंना घरात काल वरण झालं होतं हेच ठाऊक नाही, त्या रात्री कंपनीत काहीतरी खाऊन आल्या होत्या. तरी मी विचारतो. ताई लोकलमधून "टाका" म्हणतात. मावशी पातेलं रिकामं करतात.

सरकार तसं माझ्या बाजूनं आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ सालीच रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. धाकटी १ मे २०२४ नंतरची, म्हणून राज्याच्या नव्या नियमाप्रमाणे तिच्या नावात आधी आईचं नाव येतं, मग माझं. थोरल्याच्या नावात मी दुसरा होतो, धाकटीच्या नावात तिसरा आहे. पदावनतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की खालच्या पदावर आणलं तर त्या पदाचा फोन तरी मला जोडून द्या.

सोसायटीच्या बागेतलं बाकडं हा वेगळा प्रांत. संध्याकाळी पाचला मुलं घसरगुंडीवर सोडून बायका बाकड्यावर बसतात. मी धाकटीची ढकलगाडी लोटत तिकडे वळलो की बोलणं बंद पडतं आणि कुणीतरी हवेबद्दल बोलतं. सुरुवातीला पुष्कळ दिवस मी हवेबद्दलच ऐकलं. पुढे बाकड्याच्या टोकाला जागा मिळाली. हळूहळू त्यांना कळलं की डायपरच्या कुठल्या कंपनीनं आकार बदललाय हे मला माहीत असतं आणि कोथिंबीर कुणाकडे स्वस्त आहे हेही. आता त्या माझ्यासमोर सासूबद्दल बोलतात. नवऱ्यांबद्दल बोलायचं असलं की मात्र एकमेकींकडे बघतात. मग एक म्हणते, "ह्यांचं काय, हे आपल्यातलेच." माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतकी मोठी बढती मला मिळाली नव्हती.

आपल्यातलेच असूनही हळदीकुंकवाला मी कसा जाणार? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटीत रोज कुणाकडे तरी असतं, संध्याकाळी सहाला. सहाला बायको फोर्टातून निघत असते. मग रात्री वाण घरी येतं, "वहिनींसाठी" म्हणून. यंदा आलं त्यात एक चहाची गाळणी, दोन प्लास्टिकचे डबे, एक लसूण सोलायचं रबरी नळकांडं. बायकोनं ते नळकांडं हातात घेऊन विचारलं, हे काय असतं. मी दाखवलं. धाकटीचं बोरन्हाण झालं त्या दिवशी बायका जमल्या, हलव्याचे दागिने घातले, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या, फोटो काढले. फोटोत मी नाही. चुरमुरे सोफ्याखालून काढताना मी होतो, आणि ते होळीपर्यंत निघत होते.

सगळ्यात अवघड म्हणजे कौतुक. टीका मला पेलते, कौतुकानं अंग चोरावंसं वाटतं. समोरच्या इमारतीतल्या आजी त्यांच्या गॅलरीत बसलेल्या असतात. मी आमच्या गॅलरीत लंगोट, झबली, शाळेचा गणवेश वाळत घालत होतो. आजी मोठ्यानं म्हणाल्या, "किती करतो हो हा मुलगा! आजकाल कोण करतं एवढं?" त्यांच्या मागे, त्याच गॅलरीत, त्यांची सून घरादाराचे कपडे वाळत घालत होती. तोंडात दोन चिमटे, खांद्यावर नवऱ्याची पँट. तिनं पँट खाली न ठेवता माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढी धग होती की आमचे कपडे त्या दिवशी तासाभरात वाळले.

बायकोच्या लोकलमध्ये तर माझी बदनामी वेगळीच. लेडीज डब्यातला तिचा ग्रुप जुना. परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत गवार मोडून होते, मुंब्र्यापर्यंत मटार सोलून होतात. आमच्या बाईसाहेबांच्या मांडीवर काही नसतं. पहिले काही महिने त्यांनी तिला "नशीबवान आहेस" म्हटलं. नंतर एकीनं मटारची पिशवीच तिच्या मांडीवर ठेवली. "तुझे हात रिकामेच आहेत तर सोल ना." ती सोलते. म्हणजे आमच्या घरची भाजी मी निवडतो आणि डोंबिवलीतल्या तीन घरची माझी बायको. हा व्यवहार अकाउंट्समध्ये कुठं नोंदवायचा, मला समजलेलं नाही.

हिंदी सिनेमानं या बाबतीत फार पूर्वी खरं सांगितलं होतं. १९९७ साली 'चाची ४२०' आला. त्यात बापाला स्वतःच्या मुलीजवळ राहायचं असतं, तर कमल हासनला साडी नेसून, अंबाडा बांधून, बाई होऊन घरात शिरावं लागतं. प्रेक्षक पोट धरून हसले. मीही हसलो होतो. आता तो लागला की मी त्या साडीचा फायदा-तोटा बघतो. मागच्या उन्हाळ्यात सांगलीला जाताना एका एसटी स्थानकावर धाकटीचा डायपर बदलायची वेळ आली. समोर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी. आत बायका बाळांना पाजत असणार, तिथं मी जाऊ नये हे बरोबरच. पुरुषांच्या मुतारीत बाळाला आडवं करता येईल अशी एक इंच जागा नव्हती, आणि असती तरी मी केलं नसतं. हिरकणी बाळासाठी रायगडाचा कडा उतरली. त्या रात्री हिरकणीच्या नवऱ्याला बाळाचं दुपटं बदलायला जागा मिळाली का, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला कुणी विचारला नाही. मी फलाटावरच्या बाकड्यावर बदलला. भोवती कोंडाळं जमलं. "उजवा पाय आधी." "अहो पावडर लावा." "आई कुठंय हो बाळाची?" एका आजोबांनी छत्री उघडून आडोसा धरला आणि शेवटपर्यंत आभाळाकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी मला सापडलेला तो सगळ्यात कामाचा माणूस.

आमच्या घरी कायद्याचं ज्ञान येतं ते बायकोकडून, कारण ती मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम बघते. एका रात्री जेवताना तिनं सांगितलं की जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका दाव्यात निकाल दिला: घरकाम करणाऱ्या व्यक्तीचं काम फुकट धरू नका, तिचं मानीव उत्पन्न ठरवून भरपाई द्या. मी हातातला घास तसाच ठेवला. धाकटीनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

"म्हणजे माझ्या कामाची किंमत ठरते?"

"ठरते ना."

"किती?"

"ते दावा आला की ठरतं. आधी गाडीनं उडवावं लागतं," ती म्हणाली आणि कोशिंबीर वाढून घेतली.

तेव्हापासून मी फडके रोड ओलांडताना दोन्हीकडे बघतो.

त्याच निकालात जनगणनेचा एक आकडा होता. २०११ साली घरकाम हाच आपला मुख्य उद्योग असं सांगणाऱ्या बायका देशात सुमारे १६ कोटी. पुरुष सुमारे ५८ लाख. हे ५८ लाख कुठं आहेत? डोंबिवलीच्या बाकड्यावर नाहीत. त्यातले किती खरंच घरकाम करत होते आणि किती जणांच्या आयांनी प्रगणकासमोर काय सांगावं ते न सुचल्यामुळे तसं सांगितलं, देव जाणे. कारण सरकारच्याच दुसऱ्या पाहणीत, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतो हे विचारलं, तेव्हा २०१९ साली घरकामाला हात लावणारे पुरुष निघाले चारातला एक. आणि हात लावणाऱ्यांची सरासरी दिवसाला ९७ मिनिटं. बायकांची २९९. २०२४ साली पुन्हा मोजलं. बायकांची दहा मिनिटं कमी होऊन २८९ झाली. पुरुषांचीही कमी झाली: ८८. बायकांच्या दहा मिनिटांचं श्रेय मी कपड्याच्या मशीनला आणि मिक्सरला देईन. पण ९७ मधूनही नऊ मिनिटं काढून घ्यायला पुरुषांना कुठलं यंत्र सापडलं, ते मला हवं आहे. ८८ मिनिटांत मी धाकटीला एकदा जेवू घालतो, तेही घास मोजला तर. गिळणं धरलं तर नाही.

बँकेत केवायसीच्या अर्जावर पर्याय असतात: नोकरी, व्यवसाय, शेती, विद्यार्थी, निवृत्त, गृहिणी, इतर. मी 'इतर'वर खूण केली. काउंटरवरच्या मुलीनं अर्ज बघून विचारलं, "इतर म्हणजे काय सर?" मागे रांग होती, धाकटी कडेवर, थोरला तिच्या काउंटरवरची पेनाची साखळी ओढून बघत होता. मी काही बोललो नाही. तिनं दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खांद्यावर सुकलेल्या मेतकुटाकडे बघितलं आणि शिक्का मारला. एवढ्या चटकन माझा उद्योग कुणाला समजलेला नव्हता.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. घरोघरी माणसं मोजायला फेब्रुवारीत येतील, या वेळी हातात कागदांऐवजी मोबाईल असेल. मी ठरवलं आहे की व्यवसाय विचारला की सरळ 'घरकाम' सांगायचं, छाती पुढे काढून. मागचे ५८ लाख खरे असोत नसोत, यंदा एक तरी तपासून घेतलेला असू दे. परवा आई सांगलीहून राहायला आली, तिला मी हे बोललो. ती धाकटीच्या केसांना तेल लावत होती. तिचे हात थांबले.

"काही नको. सरकारी कागद तो, कायमचा राहतो. तुझ्या मुलीच्या लग्नाला कुणी काढून बघितला म्हणजे?"

"आई, ती दीड वर्षाची आहे."

"तेच म्हणते मी. फेब्रुवारीत मी येते. ते लोक आले की मी बोलेन त्यांच्याशी. सांगेन, घरूनच करतो, कॉम्प्युटरवर असतो दिवसभर."

"आणि मी समोर दिसलो तर?"

"तू कशाला समोर येतोस? तू आत चहा टाक त्यांच्यासाठी," आई म्हणाली. "आणि आलं किसून घाल. काल नुसतं ठेचून टाकलंस, चवच उतरली नाही."